म्हातारी निघाली

“रंग्या, म्हातारीला पाणी पाज रं! घसा सुकलाय तिचा.”

घाण्याच्या आवाजातनं हसनभाईनं हाळी दिली, तसा मी घागर घिऊन पळालो.

म्हातारी म्हंजी इंजान. श्रीपतीनानाच्या गुऱ्हाळावर चाकाच्या गाड्यावर बसवलेलं जुनं तेलाचं इंजान व्हतं. सकाळी हँडल मारलं की आदी खोकायचं, मग शिंकायचं, मग काळाभोर लोट सोडायचं आन् धकधक सुरू व्हायचं. त्याच्या जिवावर घाणा फिरायचा आन् उसाचा रस निघायचा. म्हातारी हे नाव हसनभाईनंच पाडलेलं. “घरातली ऐकत न्हाई, ही तरी ऐकती,” असं म्हणत त्यो तिला फडक्यानं पुसायचा, आन् नाव असं रुळलं की नानासुदीक तेच म्हणाय लागला.

फकस्त एक नेम व्हता. नानाची आई, यसाआज्जी, दुपारी भाकऱ्या घिऊन आली की इंजनाला म्हातारी म्हणायचं न्हाई. ती असंपातूर ते नुसतं इंजान. आज्जीला तसं कमीच ऐकू यायचं, तरीबी न्हाई.

“ऐकलं तर म्हातारीला वाईट वाटंल,” चुलवाणात जाळ घालणारा पिराजी म्हणायचा.

“कुठल्या म्हातारीला?” हसनभाई इचारायचा.

मग समदी भाकरी तोंडात तशीच ठिऊन हसायची. आज्जीबी हसायची. कशाला हसत्यात ते तिला ठावं नसायचं, पर चारचौघं हसाय लागली की ती मागं ऱ्हायची न्हाई.

माझा बा तिथं गुळव्या व्हता. भैरू गुळव्या म्हणलं की पंचक्रोशीत मान व्हता. त्या हंगामाला नानानं घरला येऊन, नारळ दिऊन त्याला आणलेला. बाबरोबर मी. मिसरूड फुटलेलं, अंगात रग, आन् शाळेचा आन् माझा संबंध कवाच तुटलेला. बा म्हणायचा, “पोटापुरतं बोटाला शिकीव, म्हंजी झालं.”

आन् खरंच, ते काम बोटातच हाय. काहिलीत, त्या मोठ्या कढईत, रस आटून आटून घट्ट झाला, मोठाले बुडबुडे फुटाय लागले की बा हात गार पाण्यात बुडवायचा. फावड्यावरचा कढता पाक बोटावर उचलायचा, झटक्यात परत पाण्यात घालायचा, आन् पाण्यातल्या पाण्यात त्याची गोळी वळायचा. डोळं मिटून. समदी त्याच्या तोंडाकडं बघत उभी. गोळी बोटाला काय सांगायची, ते ती आन् बा. “उतरा” म्हणला की गड्यांनी काहील उचलायची आन् गूळ गार व्हायच्या वाफ्यात रिकामी करायची. दमभर उशीर झाला तर गूळ करपला, दमभर घाई केली तर गूळ मऊ पडून पावसाळ्यात पाघळला. मधी कुठंतरी एक दम असतो, त्यो बाच्या बोटाला दिसायचा.

मीबी गोळी करून बघायचो. “कशी हाय?” बा इचारायचा.

“बरी हाय.”

“बरी तर तुझी आईबी हाय. गोळी कशी हाय?”

मला काय सांगता यायचं न्हाई. बा म्हणायचा, “असू दे. बोटाला डोळं फुटाय वेळ लागतो.”

त्या दिवशी ऊन लई व्हतं. शिमगा जवळ आलेला, वारं सुटलेलं. दुपारी आज्जी बुट्टी घिऊन आली, कांदा-भाकरी वाढली, आन् परत जायला निघाली, तसा नाना आडवा आला.

“आये, आता उन्हाची घरला जाऊ नगं. आत पड जरा.”

“आँ?”

“आत पड म्हणतो! ऊन उतरलं की जा!”

आत म्हंजी इंजनाच्या खोपीत. खोप लांबोडकी व्हती, उसाच्या पाल्यानं शाकारलेली आन् वरनं थोडं जुनं पत्रं टाकलेलं. मधी एक बांबूचा तट्ट्या. तट्ट्याच्या अल्याड इंजान, पल्याड एक बाजलं. दुपारचं रसाचं पिंप भरलेलं असलं की हसनभाई इंजान बंद ठेवायचा, तेवढा येळ तिथं गार आन् गप असायचं.

नाना तोडीकडं फडात गेला. थोड्या वेळानं आज्जीनं मला हाक मारली. “रंग्या, तांब्याभर पाणी दे रं बाबा.” मी दिलं. बाजल्यावर ती पाय जवळ घिऊन बसलेली. पाणी प्याली, तांब्या माझ्या हातात दिला, माझ्या तोंडावरनं हात फिरवला आन् वाकाळ वडून आडवी झाली.

मी भायेर आलो. बा काहिलीपाशी उभा व्हता. पाक उतरणीला आलेला. अशा वक्ताला बा कुणाशी बोलायचा न्हाई आन् काहील सोडून हलायचा न्हाई. एकदा त्याला इंचू चावला तरी हलला नव्हता, गूळ उतरल्यावर मग खाली बसला. मी त्याच्या शेजारी जाऊन उभा राह्यलो.

तेवढ्यात वावटळ आली. चुलवाणाच्या तोंडाशी पिराजीनं निम्मं आत, निम्मं भायेर असं पिळल्या उसाचं चिपाड घातलेलं. वावटळीनं ते पेटलेलं चिपाड उचललं, वर नेलं, आन् वाळल्या चिपाडाच्या गंजीवर नेऊन टाकलं. आमी बघतच व्हतो. लांबनं बघताना कायतर खेळ चाललाय असं वाटलं. गंजीनं एकदा दम घेतल्यागत केलं आन् भडकली. गंजीवरनं जाळ खोपीच्या पाल्यावर गेला.

“पाणी! पाणी आणा!” पिराजी बोंबलला. कुणी घागरी घिऊन हिरीकडं पळालं, कुणी नुसतंच पळालं. फडातनं नाना धावत आला. डोक्याची टोपी पडलेली, धोतर सुटलेलं, आन् छाती पिटत वरडत व्हता.

“म्हातारी आत ऱ्हायली! आरं म्हातारीला काढा! म्हातारी जळंल रं माझी!”

मी इंजनाला रोज म्हातारी म्हणायचो. सकाळीच तिला पाणी पाजलं व्हतं. पर त्या घडीला माझ्या डोक्यात इंजान आलंच न्हाई. तोंडावरनं फिरलेला हात तेवढा आला. बा माझ्याकडं वळला, कायतरी म्हणला, ते मला ऐकू आलं न्हाई. मी बाजल्याच्या अंगानं आत घुसलो.

आत काय दिसत नव्हतं. धूर डोळ्यात आन् घशात. हातानं चाचपत चाचपत बाजलं गावलं. बाजल्यावर वाकाळ गावली, गुंडाळलेली, फुगलेली. मी म्हणलो, “आज्जी, उठ!” ती बोलंना. मला वाटलं बेसुद पडली. वाकळंसकट तिला उचलली, छातीशी धरली. हलकी लागली. मनात आलं, म्हाताऱ्या माणसात असतंय तरी काय.

तट्ट्याच्या पल्याड गलका चाललेला. “वडा! वडा! हां, आली!” आन् मग समदी एका दमात वरडली, “निघाली! म्हातारी निघाली!”

मला वाटलं, मलाच बघून म्हणत्यात. धुरातनं मी त्यांना दिसलो असंन. बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, त्या तेवढ्या दमाला मला लई बरं वाटलं. फेटाबिटा बांधल्यागत.

आन् वरनं पत्रा आला.

पाठीवर पडला, मी पालथा झालो. खाली वाकाळ, वर पत्रा, पत्र्यावर जळता पाला. हलता येईना. पत्रा तापत चालला ते कळत व्हतं. मग पत्रा हलला. वर गेला. कुणीतरी माझ्या दंडाला धरून फराफरा वडत न्हेलं. भायेर आल्यावर बघितलं, तर बा.

“सोड ती,” पिराजी मला म्हणत व्हता. “आरं रंग्या, सोड ती वाकाळ.”

मी छातीशी धरलेलीच. सोडवत नव्हती. पिराजीनं माझी बोटं एक एक करून उलगडली. वाकाळ जमिनीवर पडली, उलगडली. आत काय नव्हतं.

मी वर बघितलं. शेताच्या बांधावर यसाआज्जी उभी व्हती. वटीत पाथरीची भाजी. झोप लागंना म्हणून उठून मागच्या मागं भाजी खुडाय गेलेली. आन् अल्याड, जळत्या खोपीपासनं लांब, रिकाम्या रानात इंजान उभं व्हतं. गाड्याला दोर तसंच बांधलेलं. हसनभाई खाली बसून धापा टाकत व्हता, आन् नाना इंजनाच्या चाकाला दोन्ही हातांनी धरून उभा.

मला हसू आलं का रडू, ते आठवत न्हाई. काय आलंच न्हाई वाटतं.

बा काहिलीकडं गेला. सरळ गेला, रोजच्यागत. दोन्ही हात गार पाण्यात बुडवले, रोजच्यागत. मग काहिलीत बघितलं. पाक काळा पडून धूर सोडत व्हता.

“करपला,” बा म्हणला.

हात पाण्यातनं काढले, तवा पिराजीनं दुसरीकडं तोंड फिरवलं. पत्रा बानं नुसत्या हातांनी उचललेला.

तालुक्याच्या दवाखान्यात बा लई दिवस व्हता. माझी पाठ लवकर सुकली. त्याचे हात पांढऱ्या पट्ट्यात गुंडाळलेले, कोपरापातूर. मी त्याला भाकरी कुस्करून भरवायचो. यसाआज्जी यष्टीनं यायची, लोणी आणायची, बाच्या उशाला बसायची. आन् जो येईल त्याला सांगायची. शेजारच्या खाटेवरच्याला, नर्सबाईला, झाडूवाल्याला.

“माझा श्रीपती फडातनं पळत आला. टोपीचं भान न्हाई, धोतराचं भान न्हाई. म्हातारी जळंल माझी म्हणून टाहो फोडला त्यानं. मला एरवी काय ऐकू येत न्हाई बघा, पर ते बांधावर ऐकू आलं.” असं म्हणून डोळं पुसायची. “आन् ह्यो पोरगा. माझ्यापायी जाळात शिरला.”

गावातबी तीच गोष्ट झाली. चावडीपुढं मांडव घालून मला फेटा बांधला. सरपंच बोलले. नानाला म्हातारीचा गुणी लेक म्हणले. नाना मान खाली घालून बसलेला. लोक म्हणले, केवढा साधा माणूस. गुऱ्हाळावरची गडी मागं उभी व्हती. टाळ्या वाजवत व्हती, पर एकमेकाकडं बघत नव्हती. पिराजी माझ्या कानाशी येऊन म्हणला, “सत्कार इंजनाचाबी कराय पायजे व्हता.” हसनभाईनं त्याला असा कोपर मारला की त्यो कळवळला.

मला त्याचा अर्थ लागला न्हाई. म्हंजी, नाना इंजनासाठी वरडला एवढं मला खोपीभायेर आल्यावरच कळलं व्हतं. पर मी आपला मनाची समजूत घालून बसलेलो. गडबडीत माणसाला काय सुचतंय? आज्जी आत हाय हे नानाला काय ठावं? त्यो तर फडात व्हता.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन बाला फेटा दाखवला. बा बघत राह्यला.

“चांगला हाय,” म्हणला.

“बा, सरपंच म्हणत व्हते, नानानं आईसाठी...”

“रंग्या,” बा म्हणला, “श्रीपती आईला काय म्हणून हाक मारतो?”

“आये म्हणतो.”

“कवा म्हातारी म्हणलेलं ऐकलंयस?”

“न्हाई.”

मला वाटलं झालं, एवढंच. मग बा खिडकीकडं बघत म्हणला, “दुपारी तिला काय म्हणला त्यो?”

मला आठवलं. आये, आता उन्हाची घरला जाऊ नगं. आत पड जरा.

आत पड म्हणून त्यानंच सांगितलं व्हतं.

मी फेटा मांडीवर घिऊन बसलो. शेजारचा माणूस खोकत व्हता. कायतरी वाटाय पायजे व्हतं, पर पट्ट्या बांधल्यागत आतनं समदं जड झालेलं.

“मी सांगतो,” मी म्हणलो. “गावाला सांगतो. तुझं हात गेलं आन् त्यो...”

“कुणाला सांगशील?”

“आज्जीला!”

“सांग,” बा म्हणला. “माझं हात येत्यात का बघ.”

मग माझ्या मांडीवरच्या फेट्याकडं बघत म्हणला, “तिला आयुष्यात तेवढंच एक ऐकू आलंय. ऱ्हाऊ दे.”

दसरा झाला, नवा हंगाम आला. नाना घरला आला. भायेर उंबऱ्याशीच उभा राह्यला. म्हणला, “भैरू, तू आल्याबिगार मी चुलवाण पेटवत न्हाई.” बा म्हणला, “येतो की.” आईनं चहा केला, त्यो नानानं उभ्या उभ्याच प्याला.

बाचे हात बरे झालेले. तळव्याचं कातडं गुळगुळीत, लाल, चकाकणारं. बोटं मिटायची, उघडायची. घास घ्यायचा, चंची सोडायचा, समदं करायचा. आमाला वाटलं, सुटलो.

पयली काहील लागली. पूजा झाली, नारळ फुटला. पाक आटत आला, मोठाले बुडबुडे फुटाय लागले. समदी उभी राह्यली. बानं हात पाण्यात बुडवला, पाक बोटावर घेतला, परत पाण्यात. डोळं मिटले. बोटं फिरली.

फिरतच राह्यली.

“भैरूदा?” पिराजी हळूच म्हणला.

बानं डोळं उघडले. गोळी बोटात व्हती, त्यानं तिच्याकडं बघितलं, तवा त्याला कळलं की ती बोटात हाय. तिचा ना गारवा कळत व्हता, ना कढ, ना मऊ, ना कडक. काहील रटरटत व्हती. नाना दुसरीकडं बघत व्हता. मी बाच्या शेजारीच व्हतो, माझा हात म्होरं झाला, पर माझ्या बोटाला काय कळत नव्हतं आन् बाला ते ठावं व्हतं.

बानं फावड्यावरनं परत पाक घेतला. पाण्यात घातला न घातला केला आन् थेट वठाला लावला. वठानं दाबून बघितला. कढताच व्हता त्यो. पापणी हलली न्हाई.

“उतरा,” म्हणला.

गूळ झाला. असा झाला की सोन्यागत. त्या दिवशी जेवढ्या काहिली लागल्या, तेवढ्या येळा बानं वठ लावला. दुपारपातूर वठ फुगून टरारला. फोड आला, फुटला, त्यावरच परत.

दुपारी यसाआज्जी बुट्टी घिऊन आली. बरोबर तिच्या माहेरची दोन माणसं, गुऱ्हाळ बघाय आलेली. सगळी भाकरीला बसली. बा बसला, पर त्याला खाता येईना. कालवणाचं तिखट लागलं तसा त्यानं घास खाली ठेवला.

आज्जी पाव्हण्यांना सांगाय लागली. फडातनं पळत आला, टोपीचं भान न्हाई, धोतराचं भान न्हाई. मग माझ्याकडं वळली. “रंग्या, तूच सांग बाबा ह्यास्नी. तू जवळ व्हतास. कसा वरडला माझा श्रीपती?”

गडी खायचं थांबली. हसनभाई भाकरीकडं बघत राह्यला. नानाच्या हातात उसाचं कांडं व्हतं, ते त्यो सोलत बसला, सोलून झालेलं परत सोलाय लागला. मी बाकडं बघितलं. वठावर फोड, हात मांडीवर ठेवलेले, उताणे. त्यानं मला खुणावलं न्हाई. न्हाई म्हणून मान हलवली न्हाई, व्हय म्हणूनबी न्हाई.

माझ्या तोंडात समदं आलं व्हतं.

“सांग की रं,” आज्जी म्हणली. कानामागं हात धरला.

“लई वरडला, आज्जी,” मी मोठ्यानं म्हणलो. “गळा फाटंपातूर वरडला. म्हातारी जळंल माझी म्हणला.”

“बघा!” ती पाव्हण्यांना म्हणली. “बघा!”

नाना उठला आन् फडाकडं चालत गेला.

त्याच हंगामात माझ्या बोटाला डोळं फुटलं. फुटावंच लागलं. फोडावर फोड चढला तसा मी बाच्या आदी पाण्यात हात घालाय लागलो. बा इचारायचा, “कशी हाय?” मी सांगायचो, “मेणावाणी हाय.” “आता?” “आता सुपारीवाणी. कड धरली.” बा डोळं मिटून माझं बोलणं ऐकायचा, आन् मग म्हणायचा, “उतरा.” पुढं पुढं इचारायचंबी सोडलं त्यानं. नुसता शेजारी उभा ऱ्हायचा.

यसाआज्जी त्याच्यानंतर पाच-सात हंगाम जगली. दर हंगामाला कोण ना कोण पाव्हणा घिऊन यायची, आन् दर हंगामाला मी सांगायचो.

त्या पयल्या दिवशी भाकऱ्या झाल्यावर ती पाव्हण्यांना घाणा दाखवाय लागली. पिंपातला रस संपत आलेला. हसनभाई उठला, फडक्यानं हात पुसले, हँडल मारलं. ते खोकलं, शिंकलं, काळा लोट सोडला. आज्जी तोंडाला पदर लावून हसाय लागली.

“बया!” म्हणली. “कसं माझ्यावाणी खोकतंय बघा.”